मीठ, साखर, पाणी आणि स्कोअरबोर्ड

‘डॉक्टर, सामना संपल्यावर आमच्या पोरांना लघवीला का होत नाही?’

१९६५ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात फुटबॉल संघाचे सहायक प्रशिक्षक ड्वेन डग्लस यांनी विद्यापीठाच्याच वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांपुढे असा काहीसा प्रश्न टाकला. डग्लस स्वतः व्यावसायिक फुटबॉल खेळलेला गडी. त्याचं म्हणणं असं, की एका सामन्यात एकेका खेळाडूचं वजन १८ पौंडांपर्यंत उतरतं, म्हणजे आठ किलो. आणि तरी सामना संपल्यावर कुणी मुतारीकडे फिरकत नाही. हे पाणी जातं कुठे?

प्रश्न योग्य माणसांकडे गेला. डॉ. रॉबर्ट केड हे मूत्रपिंडाचे डॉक्टर. मूळचे टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचे, १९२७चा जन्म, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नौदलात होते. १९६१मध्ये ते फ्लोरिडा विद्यापीठात आले. व्हायोलिन वाजवायचे, जुन्या स्टुडबेकर मोटारी जमवायचे. शरीर पाणी किती राखतं आणि किती टाकतं, हा त्यांचा रोजचा विषय. त्यांनी आणि त्यांचे सहकारी डॅना शायर्स, जिम फ्री व अलेहांद्रो दे केसादा यांनी बसल्याबसल्या हिशेब मांडला. घामावाटे इतकं पाणी जातंय की मूत्रपिंडाला बाहेर टाकायला काही उरतच नाही, हे उत्तर सोपं होतं. पण घामात नुसतं पाणी नसतं. मग पाण्याबरोबर आणखी काय जातं, आणि ते गेल्यावर खेळणाऱ्या शरीराचं काय होतं, हे मात्र मोजून पाहावं लागणार होतं.

त्या मोजणीतून जे पेय निघालं ते ‘गेटोरेड’. आज शहरातल्या कुठल्याही मोठ्या दुकानाच्या फ्रीजमध्ये निळ्या, पिवळ्या, नारिंगी रंगांच्या ज्या ‘स्पोर्ट्स ड्रिंक’च्या बाटल्या दिसतात, त्या सगळ्यांचा हा थोरला भाऊ. त्याची जन्मकथा अमेरिकेत शेकडो वेळा सांगितली गेली आहे. ती सांगताना दोन गोष्टी एकमेकींना चिकटवून सांगतात. एक, डॉक्टरांनी केलेली मोजणी. दुसरी, त्यानंतर संघाने जिंकलेले सामने. माझ्या मते या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्याशिवाय या पेयाचा खरा इतिहास हाती लागत नाही. कारण मोजणी पक्की होती. सामन्यांचा पुरावा मात्र फारच कच्चा होता, आणि पेय विकलं गेलं ते या कच्च्या पुराव्यावर.

*

आधी थोडं मागे जाऊ. १९६५पर्यंत खेळाडूला सरावात पाणी द्यायचं नाही, हाच अनेक ठिकाणी शिरस्ता होता. पाणी प्यायलं तर पोटात गोळा येतो, पाय जड होतात, आणि मुख्य म्हणजे पोरगं ‘नरम’ पडतं, अशी प्रशिक्षकांची ठाम समजूत. याचं गाजलेलं उदाहरण १९५४चं. टेक्सासमधल्या जंक्शन नावाच्या गावी बेअर ब्रायंट या प्रशिक्षकानं दहा दिवसांचं सराव शिबिर घेतलं. दुष्काळी भाग, रणरणतं ऊन आणि सरावात पाण्याची सुट्टी नाही. रात्री-अपरात्री मुलं शिबिर सोडून पळाली. जे टिकले त्यांचं पुढे कौतुक झालं, त्यांच्यावर पुस्तक आलं, चित्रपट निघाला. एक मुलगा उष्माघातानं मरता मरता वाचला, हे त्या कौतुकात जरा खालच्या ओळीत येतं.

आपल्याला यावर हसायचं फारसं कारण नाही. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी ‘धावून आल्या आल्या पाणी पिऊ नकोस’ हे घरी आणि शाळेच्या मैदानावर, दोन्हीकडे ऐकलेलं आहे. पाणी न पिणं म्हणजे कणखरपणा, ही कल्पना काही एका देशाची मक्तेदारी नव्हती.

नवल याचं वाटतं, की शास्त्राला तोवर हे सगळं ठाऊक होतं. इंग्लंडमधल्या कोळशाच्या खोल खाणींत काम करणाऱ्या मजुरांना हातापायांत गोळे येत. नुसतं पाणी ढोसल्यानं ते वाढतात आणि पाण्यात थोडं मीठ टाकल्यावर थांबतात, हे के. नेव्हिल मॉस यांनी १९२३मध्येच मांडलं होतं. १९३२मध्ये अमेरिकेत हूवर धरणाचं काम चालू असताना हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘फटीग लॅबोरेटरी’तले डेव्हिड ब्रूस डिल आणि त्यांचे सहकारी तिथल्या वाळवंटात गेले आणि मजुरांच्या घामातलं मीठ मोजून आले. ‘फटीग लॅबोरेटरी’ म्हणजे शब्दशः थकव्याची प्रयोगशाळा. मला हे नाव फार आवडतं. साखरेचीही तीच गोष्ट. १९२४च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवून आलेल्या धावपटूंचं रक्त तपासलं तर अनेकांची साखर चांगलीच घसरलेली निघाली. पुढच्या वर्षी त्याच डॉक्टरांनी धावपटूंना वाटेत गोळ्या-मिठाई खायला लावली आणि ती घसरण थांबली. महायुद्धात एडवर्ड अ‍ॅडॉल्फ यांच्या गटानं वाळवंटातल्या सैनिकांवर अभ्यास करून दाखवून दिलं, की पाण्याविना राहण्याचा ‘सराव’ शरीराला होत नाही. पाणी कमी पडलं की माणूस कोसळतो. शिस्तीनं त्यात फरक पडत नाही.

म्हणजे पाणी, मीठ आणि साखर या तिघांबद्दलचं ज्ञान उपलब्ध होतं. पण ते खाणीत, धरणावर आणि लष्करात अडकून पडलं. मैदानावर राज्य प्रशिक्षकाचं. तो फार तर मिठाच्या गोळ्या वाटायचा, आणि त्याही पाण्याशिवाय! घामानं आटलेल्या शरीरात कोरडं मीठ गेलं की होतं ते भलतंच. विद्यापीठात वैद्यकीय महाविद्यालय आणि फुटबॉलचं मैदान यांच्यात दहा मिनिटांचंही अंतर नसतं. पण ते अंतर चालून जायला कुणी तयार नव्हतं. डग्लसच्या प्रश्नाचं महत्त्व माझ्या दृष्टीनं हे आहे. तो दोन्हीकडे वावरणारा माणूस होता.

मिठासाखरेचं पाणी खेळाडूला देणारा पहिला माणूस केड हाच होता का? नाही. इंग्लंडमध्ये न्यूकासलच्या एका औषधविक्रेत्यानं १९२७मध्ये ग्लुकोजचं पेय काढलं, तेच पुढे ‘ल्युकोझेड’ झालं. पण ते आजाऱ्यासाठी होतं, तापातून उठलेल्या मुलाच्या उशाशी ठेवायचं. अमेरिकेतच लुईझियाना स्टेट विद्यापीठात मार्टिन ब्रुसार्ड यांनी १९५८मध्ये आपल्या खेळाडूंसाठी ‘बेंगॉल पंच’ नावाचं पेय तयार केलं होतं. त्या संघाचं चिन्ह वाघ, म्हणून ‘बेंगॉल’. हे नाव ध्यानात ठेवावं. खऱ्या बंगालकडे आपल्याला पुढे जायचंच आहे. केड यांच्या गटाचं वेगळेपण एवढंच, की त्यांनी आधी मोजलं आणि मग ढवळलं.

*

मोजायचं कुणाला? मुख्य संघाचे प्रशिक्षक रे ग्रेव्हज यांनी परवानगी दिली, पण आपल्या पहिल्या फळीतल्या खेळाडूंना हात लावायचा नाही, या अटीवर. पहिल्या वर्षाची मुलं घ्या, म्हणाले. त्या काळच्या नियमानुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे. त्यामुळे ही मुलं सरावाला सगळ्यात जास्त राबवली जायची आणि सामन्याच्या दृष्टीनं त्यांची किंमत शून्य. अशा दहा मुलांचं रक्त, लघवी आणि घाम सरावाआधी आणि नंतर तपासला गेला.

जरा थांबून एक गोष्ट नोंदवतो. या मुलांना ‘नाही’ म्हणायची कितपत सोय होती? शिष्यवृत्ती प्रशिक्षकाच्या मर्जीवर, आणि प्रशिक्षकानं सांगितलंय की डॉक्टरांकडे जा. या प्रयोगात कुणाला इजा झाली नाही, उलट भलंच झालं, हे खरं. पण पुढच्याच वर्षी, १९६६मध्ये, हार्वर्डचे हेन्री बीचर यांनी माणसांवर त्यांच्या खऱ्या संमतीशिवाय झालेल्या बावीस प्रयोगांची यादी छापून अमेरिकन वैद्यकविश्व हादरवून सोडलं. गेटोरेडचा प्रयोग त्या यादीच्या जातीचा मुळीच नव्हता. मात्र हाताशी असलेल्या, प्रश्न न विचारणाऱ्या तरुण शरीरांचा जो काळ होता, त्याच काळातला तो होता.

तपासणीत तीन गोष्टी दिसल्या. मुलांच्या रक्तातला सोडियम-पोटॅशियमचा समतोल बिघडला होता. रक्तातली साखर खाली गेली होती. आणि रक्ताचं एकूण आकारमानच घटलं होतं. यातली तिसरी बाब सगळ्यात गंभीर. घाम येतो तो शरीर थंड ठेवायला. एक लिटर घाम त्वचेवरून वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण हा घाम शेवटी रक्तातल्या पाण्यातूनच येतो. रक्त कमी झालं की हृदयाला ते स्नायूंनाही पुरवायचं असतं आणि त्वचेलाही, आणि दोघांना पुरेसं मिळत नाही. मग घाम कमी होतो, शरीर तापतं, डोकं चालेनासं होतं. फ्लोरिडाची हवा दमट, घाम नीट वाळतही नाही. त्यात अमेरिकन फुटबॉल हा आपला फुटबॉल नव्हे: खांद्यावर जाड गाद्या, डोक्यावर शिरस्त्राण, अंगभर पट्टे. मुंबईच्या ऑक्टोबर हीटमध्ये स्वेटर घालून कुस्ती खेळल्यासारखंच ते.

उपाय तपासणीतूनच आपोआप निघत होता. जे गेलं ते परत द्यायचं. पाणी, मीठ, साखर, पोटॅशियम आणि फॉस्फेट यांचं मिश्रण तयार झालं. पहिल्या खेपेला खर्च ४३ डॉलर आला, असं सांगतात. चव अशी, की ज्यानं चाखली त्याच्या पोटात ढवळून आलं. स्वच्छतागृह धुण्याच्या द्रावणाशी तिची तुलना खुद्द बनवणाऱ्यांपैकी एकानंच केली आहे. मग केड यांच्या पत्नी मेरी यांनी सुचवलं, लिंबू पिळून पाहा. चार डॉक्टरांना जे सुचलं नाही ते घरात सुचलं. आपल्याकडे मीठ, साखर आणि लिंबू ही त्रयी कुठल्याही स्वयंपाकघराला नवी नाही, त्यामुळे हा भाग वाचताना मला दर वेळी मौज वाटते.

शुक्रवार, १ ऑक्टोबर १९६५. पहिल्या वर्षाची मुलं विरुद्ध विद्यापीठाचा ‘ब’ संघ असा सराव सामना. मुलांना नवं पेय दिलं, ‘ब’ संघाला नाही. मध्यंतरापर्यंत मुलं मागे होती. उत्तरार्धात ‘ब’ संघाची दमछाक झाली आणि मुलांनी त्यांना अक्षरशः लोळवलं. ग्रेव्हज काठावर उभे राहून पाहत होते. दुसऱ्या दिवशी मुख्य संघाचा सामना होता, लुईझियाना स्टेटशी, म्हणजे त्या वाघांशीच. उद्या माझ्या पोरांना पुरेल इतकं हे पाणी मिळेल का, असं त्यांनी केडना विचारलं. डॉक्टरांनी रात्र जागवली. प्रयोगशाळेतून ग्लुकोज गोळा केलं, लिंबं पिळली, भांडी भरली. शनिवारी पारा १०२ फॅरेनहाइटवर, म्हणजे ३९ सेल्सियसच्या आसपास होता. फ्लोरिडानं सामना १४-७ असा जिंकला.

*

इथून पुढे दंतकथा सुरू होते, आणि इथेच इतिहास वाचणाऱ्यानं सावध व्हायला हवं.

शुक्रवारच्या सामन्याचं पाहू. एका संघाला पेय मिळालं, दुसऱ्याला काहीच विशेष नाही. दोन्ही बाजूंना ठाऊक होतं, कुणाला काय मिळतंय. सामना एकच. फरक मीठ-साखरेमुळे पडला, नुसत्या पाण्यामुळे पडला, की ‘डॉक्टरांनी आपल्यासाठी खास काहीतरी केलंय’ या भावनेमुळे, हे सांगायची सोय नाही. मला स्वतःला वाटतं, की उत्तरार्धात पोटभर पाणी मिळणं हेच त्या काळात मोठं औषध होतं. शनिवारच्या विजयाबद्दल तर बोलायलाच नको. फुटबॉलच्या सामन्यात १४-७ हा निकाल चेंडूच्या एका वेड्यावाकड्या उसळीनंही लागतो.

पुढल्या वर्षी, १९६६च्या हंगामात, फ्लोरिडानं नऊ सामने जिंकले, दोन हरले. उत्तरार्धात भारी पडणारा संघ अशी त्यांची ख्याती झाली. २ जानेवारी १९६७ रोजी मायामीच्या ‘ऑरेंज बोल’मध्ये त्यांनी जॉर्जिया टेकला २७-१२ असं हरवलं. हरलेल्या संघाचे प्रशिक्षक बॉबी डॉड पत्रकारांना म्हणाले, की आमच्याकडे गेटोरेड नव्हतं, तिथेच फरक पडला. हे वाक्य छापून आलं आणि देशभर झालं. विकत घेऊनही मिळाली नसती अशी ही जाहिरात. पण त्या वर्षी फ्लोरिडाकडे आणखीही एक गोष्ट होती, जी जॉर्जिया टेककडे नव्हती: स्टीव्ह स्परियर नावाचा खेळाडू. अमेरिकेतल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी त्याच वर्षी त्याला मिळाली. डॉड यांनी स्परियरला श्रेय दिलं असतं तर ते कुणाला विकता आलं नसतं.

केड यांच्या गटाला हे कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांची मोजणी प्रामाणिक होती. त्यांनी सरावात मुलांना पाणी पाजायला लावलं, ही एकच गोष्ट धरली तरी त्यांचे उपकार मोठे आहेत. पण बाजाराला रक्तातल्या सोडियमचे आकडे नको होते. त्याला स्कोअरबोर्डवरचे हवे होते.

*

आता पैशाची गोष्ट. ती या कथेचा सर्वांत रोचक भाग आहे आणि बहुधा घाईत उरकली जाते.

केडनी आपलं पेय आधी विद्यापीठालाच देऊ केलं. विद्यापीठाच्या कारभाऱ्यांना त्यात रस वाटला नाही. १९६७मध्ये इंडियानापोलिसच्या स्टोकली-व्हॅन कँप या कंपनीनं हक्क घेतले. ही कंपनी डबाबंद भाज्या आणि घेवड्याचे डबे विकणारी. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गॅलनमागे संशोधकांना रॉयल्टी, असा करार झाला. संशोधक आणि त्यांच्या साथीदारांचा एक न्यास तयार झाला. नावाचीही गंमत आहे. संघाचं चिन्ह मगर, म्हणजे अ‍ॅलिगेटर, म्हणून संघ ‘गेटर्स’. पेयाचं नाव आधी ‘गेटर-एड’ होतं, ‘एड’ म्हणजे मदत. पण मदत म्हटलं की औषधी गुणाचा दावा आला, आणि दावा आला की तो रीतसर चाचण्यांनी सिद्ध करणं आलं. म्हणून स्पेलिंग बदलून ते लेमोनेडमधलं ‘एड’ केलं. उच्चार तोच राहिला, जबाबदारी गेली. एका अक्षराच्या फेरफारानं औषधाचं सरबत झालं! माझ्या मते या पेयाच्या इतिहासातला हा सर्वांत निर्णायक क्षण आहे, त्या १४-७पेक्षाही.

विक्री वाढली तशी विद्यापीठाला जाग आली. आमच्या नोकरीत, आमच्या प्रयोगशाळेत, आमच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग करून हे बनवलं, तेव्हा ते आमचं, असा दावा त्यांनी केला. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानंही हात पुढे केला, कारण केड यांच्या मूत्रपिंडाच्या संशोधनाला सरकारी अनुदान होतं. वाद न्यायालयात गेला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तडजोड झाली: रॉयल्टीतला २० टक्के वाटा विद्यापीठाचा, बाकी न्यासाचा. आज पाहिलं तर या २० टक्क्यांतून विद्यापीठाला २५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली आहे. त्यातून तिथलं बरंच संशोधन उभं राहिलं, समुद्रकिनाऱ्यावरची एक सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळासुद्धा. आधी नाकारलेल्या गोष्टीचा पाचवा हिस्सा इतका फळला. सरकारी पैशातून लागलेल्या शोधावर विद्यापीठाला मालकी देणारा अमेरिकेतला बे-डोल कायदा आला १९८०मध्ये. त्याआधी हा प्रश्न किती मोकाट होता, हे या खटल्यातून दिसतं.

तीन पक्ष भांडले: डॉक्टर, विद्यापीठ, सरकार. ज्यांचं रक्त काढलं ती दहा मुलं या वाटणीत कुठेच नव्हती.

पुढचा प्रवास वेगानं सांगता येईल. १९८३मध्ये क्वेकर ओट्सनं स्टोकली कंपनी घेतली. मायकल जॉर्डनची जाहिरात १९९१ची. २००१मध्ये पेप्सिकोनं क्वेकर सुमारे १३ अब्ज डॉलरला घेतली, आणि या सौद्यातला खरा मोहरा ओट्स नव्हते, गेटोरेड होतं, असं त्या वेळीच बोललं जात होतं.

*

मिठासाखरेच्या पाण्याची खरी परीक्षा मात्र दुसरीकडेच झाली, आणि तिचा फ्लोरिडाशी थेट संबंध नाही. शास्त्र मात्र तेच. १९६०मध्ये प्राग इथल्या परिषदेत रॉबर्ट क्रेन या जीवरसायनतज्ज्ञानं एक कल्पना मांडली: आतड्याच्या भिंतीतून साखर आत जाते ती सोडियमचा हात धरून. दोघं जोडीनं गेले की मागोमाग पाणी जातं. म्हणजे मीठ, साखर, पाणी यांचं प्रमाण जमलं, तर पटकीच्या रोग्याच्या पाझरणाऱ्या आतड्यातूनही पाणी आत ओढून घेता येईल. तोवर पटकीवर हमखास उपाय एकच होता, शिरेतून सलाइन. कोलकात्याचे हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३मध्येच तोंडानं मीठ-ग्लुकोजचं पाणी देऊन १८६ रुग्ण बरे केल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं, त्याची दखल घेतली गेली नाही. १९६२मध्ये मनिला इथे अमेरिकन नौदलाचे डॉक्टर रॉबर्ट फिलिप्स यांचा प्रयोग प्रमाण चुकल्यानं फसला आणि रुग्ण दगावले. या प्रमाणाची किंमत काय असते ते तिथे कळलं. १९६८मध्ये ढाक्याला डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी, किती गेलं ते मोजून तेवढंच परत पाजायचं, या साध्या पद्धतीनं ते जमवून दाखवलं. जे गेलं ते परत द्यायचं. केड यांचाही विचार हाच होता.

१९७१. बांगलादेशाचं युद्ध, बनगावच्या सरहद्दीवर निर्वासितांचे लोंढे, त्यात पटकी. डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोहोचले तेव्हा रुग्णालयात दोन खोल्या आणि जमिनीवर पडलेले रोगी. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. त्यांनी एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा, असं मिश्रण ड्रममध्ये कालवलं. ड्रमला नळ लावले, आणि नातेवाइकांना सांगितलं, पेल्यानं भरून पाजत राहा. लघवी व्हायला लागली की समजा माणूस वाचला. डग्लसचाच प्रश्न, फक्त इथे तो खेळाडूबद्दल नव्हता.

त्या छावणीत मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात होतं, ते महालनबीसांच्या रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आलं. हा प्रयोगसुद्धा काटेकोर नव्हता, तुलनेचा गट नव्हता. पण तीन हजारांहून अधिक माणसं आणि एक सामना, यांत मी फरक करतो. १९७८मध्ये ‘लॅन्सेट’नं या उपचाराच्या मुळाशी असलेल्या शोधाला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. पुढे बांगलादेशात ‘ब्रॅक’ संस्थेच्या बायका घरोघर जाऊन चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ पाण्यात कसा कालवायचा, हे लक्षावधी घरांत शिकवून आल्या. महालनबीसांनी या मिश्रणाचं पेटंट घेतलं नाही. २०२२मध्ये ते गेले, आणि त्यानंतर सरकारनं त्यांना पद्मविभूषण दिलं. केड त्याआधी, २००७मध्ये, गेन्सव्हिललाच वारले.

*

ही दोन पाणी एकच नव्हेत, हे मात्र स्पष्ट सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२पासूनच्या सूत्रात, म्हणजे औषधाच्या दुकानात आपण ‘इलेक्ट्रल द्या’ म्हणून मागतो त्या प्रकारच्या पुडीत, एक लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं आणि सोडियम ७५ मिलिमोल. बाटलीतल्या गेटोरेडमध्ये लिटरला साखर साठ ग्रॅमच्या आसपास आणि सोडियम २० मिलिमोलच्या आसपास. एक आजाऱ्यासाठी, दुसरं धावणाऱ्यासाठी. जुलाब झालेल्या मुलाला साखरेचं जादा पाणी पाजलं, तर आतड्यात उलटं पाणी खेचलं जातं आणि जुलाब वाढतात.

धावणाऱ्याचंही सगळं आलबेल नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांत पेय कंपन्यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या क्रीडाशास्त्र संस्थांनी नवा मंत्र दिला: तहान लागेपर्यंत थांबू नका, लागण्याआधीच प्या. ज्या खेळाडूला १९५४मध्ये पाणीच मिळत नव्हतं, त्याच्या नातवाला आता पाण्याचा आग्रह होऊ लागला. दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर टिम नोक्स यांनी १९८५मध्ये इशारा दिला होता, की काही मॅरेथॉनपटू पाणी कमी पडल्यानं नव्हे, जास्त झाल्यानं कोसळताहेत. रक्तातलं सोडियम पातळ होऊन मेंदूला सूज येते. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एक धावपटू अशीच मरण पावली, तीही स्पोर्ट्स ड्रिंक पीत धावलेली. त्याच शर्यतीतल्या ४८८ धावपटूंच्या रक्ताचा अभ्यास २००५मध्ये छापून आला: १३ टक्क्यांचं सोडियम घसरलेलं होतं. बाटलीत मीठ असलं तरी ते घामातल्या मिठाहून कमीच असतं, त्यामुळे अति प्यायलं तर ते साध्या पाण्यासारखंच वागतं. बोस्टनलाच १९२४मध्ये रक्त काढून साखर मोजली होती. ऐंशी वर्षांनी तिथेच सोडियम मोजावं लागलं.

आणि नावाचा खेळ तर आपल्याकडेही आला. ‘गेटर-एड’मधून औषधाचा वास येऊ नये म्हणून अमेरिकेत अक्षरं बदलली. आपल्याकडे उलटं झालं. दुकानांत अशी गोड, फळांच्या चवीची खोकी आली, की ज्यांच्या नावात ‘ओआरएस’ ही अक्षरं ठळक होती आणि साखर मात्र सूत्राच्या कितीतरी पट. जुलाब झालेल्या लेकरांच्या आया ती औषध म्हणून नेत होत्या. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाई कित्येक वर्षं याविरुद्ध एकट्या लढत होत्या. २०२२मध्ये बारीक अक्षरांत खुलासा छापला की नाव चालेल, अशी सवलतही मिळाली होती. शेवटी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं आदेश काढला: जे सूत्रानुसार नाही, त्या पेयाच्या नावात ही तीन अक्षरं वापरता येणार नाहीत, पुढे-मागे दुसरा शब्द जोडूनसुद्धा नाहीत. कंपन्या न्यायालयात गेल्या. आदेश टिकला.